लम्पी: दूध उकळून बिनधास्त प्या, पण गोठ्यातली गाठ लपवू नका

लम्पी गावात आल्याचं कळलं की डॉक्टरला फोन जायच्या आधी व्हॉट्सअॅपवर अंगभर गाठी आलेल्या गायीचा फोटो फिरतो. खाली एक ओळ असते, ‘दूध पिऊ नका’. फोटो खरा असू शकतो, ओळ मात्र खोटी आहे.

लम्पी हा गाय-बैलांचा विषाणूजन्य आजार आहे. म्हशींना तो कमी प्रमाणात होतो आणि माणसाला होत नाही. आजारी गायीला हात लावला, धार काढली, शेण उचललं तरी होत नाही. दूध नेहमीसारखं उकळून प्यायला काहीच हरकत नाही. फक्त जनावराला अँटिबायोटिकची इंजेक्शनं चालू असतील, तर डॉक्टर सांगतील तितके दिवस ते दूध घरात वापरू नये आणि डेअरीलाही घालू नये. त्याचं कारण औषध आहे, लम्पी नाही.

अफवेनं काय होतं हे 2020 मध्ये पोल्ट्रीवाल्यांनी पाहिलंय. चिकन खाल्ल्यानं कोरोना होतो, असे मेसेज फिरले आणि कोंबड्या मातीमोल भावानं गेल्या. दुधाचं तर त्याहून वाईट, कारण अफवेचा फटका थेट रोगाला मदत करतो. गावात बोभाटा झाला तर आपलं दूध कोण घेणार, या धास्तीनं शेतकरी पहिली गाठ दिसली तरी गप्प बसतो. जनावर मागच्या गोठ्यात बांधतो. तोवर चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड आपलं काम करत राहतात आणि शेजारच्या चार दावणीला रोग पोचतो.

हा रोग सर्वात आधी 1929 मध्ये आफ्रिकेतल्या झांबियात दिसला. भारतात 2019 ला ओडिशात आला. 2022 मध्ये गुजरात-राजस्थानात त्यानं थैमान घातलं आणि 4 ऑगस्टला जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात, चिनावलला या साथीतली राज्यातली पहिली नोंद झाली. सप्टेंबरात सगळं राज्य नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं, गुरांचे बाजार बंद झाले. ज्यांचा हंगामाचा पैसा बैलजोडीच्या सौद्यावर अवलंबून असतो त्यांना हे जड गेलं. पण बाजार म्हणजे दहा गावांची गुरं एका मैदानात, एकाच माश्यांच्या थव्याखाली. बंद ठेवण्याला पर्याय नव्हता.

ओळखायचं कसं? आधी ताप. नाका-डोळ्यातून पाणी, चारा कमी, दूध घटलेलं. मग मान, पाठ, कास, पायावर दोन ते पाच सेंटिमीटरच्या टणक गाठी. काही जनावरांचे पाय सुजतात. वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक गुरं दोन-तीन आठवड्यांत सावरतात. वासरांना आणि अशक्त जनावरांना धोका जास्त. बैल आजारी असेल तर बरा होईपर्यंत जू ठेवू नये.

‘गायीला शेळीची लस कशी चालेल?’ हा प्रश्न पारावर हमखास निघतो. लम्पीचा विषाणू आणि शेळ्यांमधल्या देवीचा विषाणू एकाच घराण्यातले. म्हणून शेळीची लस गायीतही संरक्षण देते. चार महिन्यांवरच्या सगळ्या निरोगी गाय-बैलांना ती मोफत टोचली जाते. आजारी जनावराला ती देत नाहीत. टोचल्यावर प्रतिकारशक्ती यायला दोन-तीन आठवडे लागतात. या मधल्या काळात गाठी आल्या तर लोक लसीला बोल लावतात, पण बऱ्याचदा रोग आधीच अंगात शिरलेला असतो. एक गोष्ट मात्र टोचणाऱ्याला हटकून विचारा. सुई प्रत्येक जनावराला नवी आहे ना? तीच सुई दावणभर फिरली तर तिचाही रोगाला हातभार लागतो.

खरी परीक्षा ऊसतोडीची असते. बीड-नगरकडच्या बैलगाड्या कारखान्यांकडे निघतात, हजारो बैल जिल्हे ओलांडतात. लस टोचून किमान तीन आठवडे झाल्याशिवाय बैल गाडीला जुंपून नेणं म्हणजे दोन्हीकडच्या गावांना घोर लावणं. मुकादमानं उचल दिलीय म्हणून घाई होणार हे उघड आहे. त्यामुळं लसीकरण आधी तोडणी कामगारांच्या गावांत पुरं व्हायला हवं, एकट्या कामगाराला दोष देऊन भागणार नाही.

जनावर दगावलंच तर? ओढ्यात, रानात टाकू नये. किमान आठ फूट खड्डा घेऊन चुना टाकून पुरावं, पण त्याआधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला बोलवावं. 2022 मध्ये राज्य सरकारनं दुभत्या गायीला 30 हजार, बैलाला 25 हजार आणि वासराला 16 हजार रुपये मदत ठरवली होती. ती मिळायला लम्पीनं मृत्यू झाल्याची नोंद आणि पंचनामा लागायचा. ज्यानं आजार लपवला आणि गुपचूप पुरलं, त्याच्याकडं दाखवायला काहीच उरत नाही. शिवाय 2009 च्या कायद्यानुसार असा आजार कळवणं मालकावर बंधनकारक आहे.

तूर्त करायचं ते असं: आजारी जनावर वेगळं बांधा, त्याचं पाणी-चारा वेगळा ठेवा, गोठ्यात संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करा, गोचिडाचं औषध फवारा. आणि पहिली गाठ दिसली त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा 1962 या टोल फ्री नंबरवर कळवा. सरकारी उपचाराला पैसे लागत नाहीत.