इंजिन बदललं, तर सांगायला काय झालं?

दसरा जवळ आला की बीड जिल्ह्यात जुन्या ट्रकांचे सौदे सुरू होतात. कारखान्याची धुराडी पेटायच्या आत मुकादमाला टोळी हवी असते, टोळीला गाडी हवी असते, आणि नव्या गाडीच्या हप्त्याचं नाव काढलं तरी घाम फुटतो. म्हणून दहा-बारा वर्षं चाललेला ट्रक बघितला जातो. केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर या पट्ट्यात काल कोयता धरणारा माणूस आज गाडीमालक होतो, तो बहुतेक अशाच सौद्यातून. घरातलं सोनं, एखादा एकर, मेहुण्याकडून हातउसने घेतलेले पैसे, सगळं त्या एका गाडीत जातं.

या सौद्यांत हल्ली एक वाक्य फार ऐकू येतं. ‘कागदाचं सोडा भाई, पॉवर बघा.’ विकणारा गाडी चालू करतो, रेस देतो, टर्बोची शिट्टी वाजते, घेणाऱ्याचा चेहरा खुलतो. आरसीवर ज्या इंजिनाचा नंबर आहे ते इंजिन मात्र कधीच भंगारात गेलेलं असतं. समोर जे धडधडतंय ते दुसरंच असतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं : रीतसर मंजुरी घेऊन इंजिन बदलणं हा गुन्हाही नाही आणि गुनाहही नाही. बदललेलं लपवून गाडी विकणं मात्र दोन्ही आहे. आणि हे मी मुद्दाम आपल्या लोकांसाठी लिहितोय. मराठवाड्यात डिझेल मिस्त्री, पंपवाला, वेल्डर, भंगारवाला या साखळीत आपली माणसं किती आहेत ते बीडच्या बार्शी नाक्यावर एक चक्कर मारली तरी कळतं. आणि गाडीचं इंजिन बदललंय हे मालकाइतकंच, कधीकधी मालकापेक्षा जास्त, मिस्त्रीला माहीत असतं.

आधी हे इंजिन बदलतात कशासाठी ते पाहू. टाटांनी १९५४ साली जर्मनीच्या बेंझ कंपनीबरोबर ट्रक बनवायला सुरुवात केली. तो करार १९६९ मध्ये संपला, पण त्या घराण्याचं सहा सिलिंडरचं इंजिन पुढं कितीतरी वर्षं देशभर धावत राहिलं. मिस्त्री ज्याला ६९७ म्हणतात ते हेच, ५६७५ सीसीचं. आधी बिनटर्बोचं, नंतर टर्बोचं. मग १९९३ मध्ये टाटा आणि कमिन्स यांची भागीदारी झाली, जमशेदपूरला इंजिनांचा कारखाना निघाला आणि ५८८३ सीसीचं कमिन्स टाटाच्या ट्रकात आलं. हेच ५.९ लिटरचं इंजिन अमेरिकेत १९८९ च्या मॉडेलपासून डॉजच्या पिकअप गाड्यांत बसू लागलं. तिकडचे शौकीन ते काढून दुसऱ्या कंपनीच्या गाडीत बसवतात, पंप वाढवतात, ओढण्याच्या शर्यती लावतात. आपल्याकडं शौक नाही, ऊस आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं दोन ॲक्सलच्या ट्रकची वजनमर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टन केली, पण उसाची गाडी भरताना ती मर्यादा कोण बघतं? जितक्या मोळ्या जास्त तितकी खेप फायद्याची. जुनं बिनटर्बो इंजिन घाटात दम टाकतं, म्हणून ते उतरवून त्याच्या जागी दणकट टर्बोवालं बसवतात. यात मिस्त्रीचं कसब असतं आणि त्या कसबाचा मला आदरच आहे.

आता ओळखायचं कसं? घेणाऱ्यानं सुरुवात कागदापासून करावी. आरसी हातात घ्यावी, जमलं तर एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून ताडून पाहावी. आरसीवर इंजिन नंबर आणि चासी नंबर यांच्याबरोबर सिलिंडरची संख्या आणि सीसीसुद्धा लिहिलेली असते. लोक नंबर बघतात, सीसी बघत नाहीत. कागदावर ५६७५ असेल आणि समोर कमिन्स उभं असेल तर निकाल तिथंच लागला. अशा गाडीत इंजिनावरचा नंबर आरसीशी जुळत असेल तर उलट जास्त घाबरावं, कारण मग तो नंबर कुणीतरी नंतर ठोकलेला आहे.

पाटीवर विश्वास ठेवू नये. रिव्हेट मारलेली पाटी एका इंजिनावरून काढून दुसऱ्यावर लावायला दहा मिनिटं पुरतात. ब्लॉकच्या लोखंडावर जो नंबर पंच केलेला असतो तो बघायचा. डिझेलच्या फडक्यानं जागा स्वच्छ पुसायची आणि बॅटरीचा उजेड तिरका मारायचा. ग्राइंडरच्या रेघा, खोलवर गेलेला एक आकडा आणि वरवर उमटलेला दुसरा, सगळं इंजिन काळंकुट्ट असताना तेवढ्याच चार बोटं जागेवर ताजा रंग, हे सगळं तिरक्या उजेडात दिसतं. ब्लॉकवर ओतकामातच उठून आलेली अक्षरंही असतात. ती घासून टाकता येतात, पण नवी उगवत नाहीत.

कमिन्स असेल तर पुढच्या बाजूला, टायमिंग गिअरच्या घरावर कंपनीची पाटी असते. तिच्यावर इंजिनाचा अनुक्रमांक असतो आणि सीपीएल नावाचा आणखी एक आकडा असतो. हे दोन आकडे अधिकृत डीलरकडं नेले तर इंजिन कंपनीतून कोणत्या कामासाठी आणि किती ताकदीचं म्हणून निघालं हे कळू शकतं. याचा मोठा उपयोग आहे, कारण ट्रकमध्ये बसवलेलं प्रत्येक इंजिन ट्रकचं नसतं. काही जनरेटरवरून उतरलेली असतात. जनरेटरचं इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्या या एकाच गतीला बांधलेलं असतं, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. त्याचा पंप आणि गव्हर्नर त्याच हिशेबानं लावलेला असतो. ते घाटात गिअर बदलत, कधी ओढत कधी सोडत चालवायचं असेल तर पंप बदलावा लागतो, बरंच काही जुळवावं लागतं. कुणी नीट जुळवतं, कुणी नुसता स्क्रू पिळतं.

पंपाची पाटीही म्हणूनच वाचावी. जुन्या गाड्यांवर मायकोचा पंप असतो, त्यावर त्याचा स्वतःचा नंबर असतो. पंपाचं काम करणारा तो नंबर वाचून सांगतो की पंप कोणत्या इंजिनाचा आहे. सील तुटलेलं असेल तर डिझेल वाढवलंय असं समजावं. काळा धूर आणि जोरदार पिकअप एकत्र दिसले तर बहुतेक वेळा ती इंजिनाची तब्येत नसते, जास्तीचं डिझेल असतं. बिनटर्बो इंजिनाला वरून टर्बो चढवलेला असेल तर प्रकरण आणखी नाजूक. टर्बोसाठी घडवलेल्या इंजिनात साधारणपणे पिस्टन थंड ठेवायला खालून तेलाचा फवारा असतो. साध्या इंजिनात तो नसेल तर रिकामी गाडी छान पळते आणि भरलेली गाडी पहिल्या हंगामातच पिस्टन खाते.

मग गाडीखाली जावं. कपड्यांची काळजी करू नये. इंजिनाचं फाउंडेशन कंपनीचं आहे की पट्ट्या कापून वेल्डिंग केलंय? चासीला गॅसनं पाडलेली भोकं आहेत का? कंपनी भोक ड्रिलनं पाडते, त्याच्या कडा गोल असतात. गॅसचं भोक उंदरानं कुरतडल्यासारखं दिसतं. फॅन आणि रेडिएटर यांच्यातलं अंतर, सायलेन्सरच्या पाइपाला दिलेलं वेडंवाकडं वळण, वायरींना मारलेले टेपचे गाठोडे, हे सगळं बोलतं.

आणि शेवटी जे बदललेलं नाही ते बघावं. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. इंजिन मोठं आलं, पण क्लच, गिअरबॉक्स, जॉइंट, क्राउन-पिनियन, पाटे आणि ब्रेक जुनेच राहिले का? मोठं इंजिन जास्त ओझं डोंगरावर चढवतं. ते ओझं पलीकडं उतरवताना थांबवायचं काम त्याच जुन्या ड्रमांना आणि लायनरना करावं लागतं. धारूरचा घाट किंवा मांजरसुंब्याचा घाट भरल्या गाडीनं उतरणाऱ्या ड्रायव्हरला हे वेगळं सांगावं लागत नाही. ही गाडी उसाच्या आधी माणसं नेते, हेही विसरू नये. दिवाळीच्या मागेपुढे तिच्या हौद्यात भांडीकुंडी, कोयते, पाचटाच्या खोपीसाठी बांबू आणि त्यांच्यावर बसलेली बायका-लेकरं असतात. बीडहून कोल्हापूर-सांगलीपर्यंत किंवा कर्नाटकापर्यंतचा रस्ता ती त्या हौद्यात काढतात. त्यांना गाडीची सीसी कुणी सांगितलेली नसते.

कायदा याबाबत फारसा संदिग्ध नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय वाहनात असा बदल करता येत नाही की ज्यानं आरसीवरचा तपशील आणि प्रत्यक्ष गाडी यांच्यात फरक पडेल. बदल झाला तर १४ दिवसांत कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची. दहा किंवा अधिक व्यावसायिक वाहनं असलेल्या मालकाला त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन पूर्वमंजुरीविना बदलण्याची सवलत राज्य सरकार देऊ शकतं. म्हणजे मोठ्या ट्रान्सपोर्टवाल्याची सोय कायद्यानं आधीच बघितली आहे, एका गाडीवाल्याची नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. लक्षात घ्या, मालकाला. गाडी नावावर झाली की तो मालक म्हणजे तुमचा तो कालचा ऊसतोड कामगार. अपघात झाला तर विमा कंपनीला वाद घालायला निमित्त आयतं मिळतं, आणि इंजिन चोरीच्या गाडीतलं निघालं तर पोलीस पहिल्यांदा त्याच्याच दारात येतात.

आरटीओच्या बाजूनंही एक बोललं पाहिजे. बीडला एमएच २३ आणि अंबाजोगाईला एमएच ४४ अशी दोन कार्यालयं जिल्ह्यात आहेत, तरी गावातला माणूस इंजिन बदलाची नोंद करायला एजंटाशिवाय जायला धजत नाही. हंगामाआधी तालुक्याला एक दिवस शिबिर घेऊन, गाडी तपासून, योग्य तिथं नोंद आणि अयोग्य तिथं नकार जागेवर दिला, तर निम्मी लपवाछपवी आपोआप थांबेल असं मला वाटतं.

पण आरटीओ सुधारेपर्यंत आपण काय करायचं? बाजारातल्या धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा दाखवून देणाऱ्या पैगंबरांची (स.) हदीस आपल्या मशिदींत अनेकदा सांगितली जाते. मला इथं दुसरी जास्त लागू वाटते. हजरत अबू हुरैरांकडून आलेली ती हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्ही संग्रहांत आहे. विकण्याआधी काही दिवस दूध न काढता जनावराची कास फुगवून ठेवायची, म्हणजे घेणाऱ्याला ते दुभतं वाटेल, या प्रकाराला तिच्यात मनाई आहे आणि फसलेल्या गिऱ्हाइकाला जनावर परत करण्याचा हक्क दिला आहे. पंपाचा स्क्रू पिळून आठ दिवसांपुरती ताकद दाखवलेला ट्रक म्हणजे फुगवलेली कासच की. आपण मराठवाड्यातले बहुतेक लोक हनफी. त्या विशिष्ट हदीसच्या अंमलाबद्दल हनफी फकीहांचं मत वेगळं आहे हे खरं, पण ‘खियार-ए-ऐब’, म्हणजे लपलेला दोष निघाला तर माल परत करण्याचा अधिकार, त्यांनाही मान्य आहे.

यावर एक हुशार उत्तर मिळतं. स्टॅम्पपेपरवर ‘जसा आहे तसा’ लिहिलंय, मग जबाबदारी संपली. हनफी फिकहमध्येही विकणाऱ्यानं दोषांची जबाबदारी आधीच नाकारण्याची मुभा आहे, तेव्हा हे उत्तर अगदीच हवेतलं नाही. पण व्यवहार कागदावर टिकणं वेगळं आणि ठाऊक असलेला ऐब तोंड मिटून गळ्यात मारणं वेगळं. खुद्द इमाम अबू हनीफा कापडाचे व्यापारी होते. भागीदारानं एका कापडातला दोष न सांगता ते विकलं, तेव्हा त्यांनी त्या विक्रीचे सगळे पैसे दान करून टाकले, असं त्यांचे चरित्रकार सांगतात.

मिस्त्री म्हणतात, ‘मी विकत नाही, मी फक्त बसवतो. तोंड उघडलं तर गिऱ्हाईक जाईल.’ पोट सगळ्यांनाच आहे, मान्य. मग तोंड नका उघडू, पावती तरी द्या. उतरवलेल्या इंजिनाचा नंबर, बसवलेल्या इंजिनाचा नंबर, ते कुठल्या भंगारवाल्याकडून कोणत्या तारखेला आलं, बस्स. ही पावती मिस्त्रीच्याच जास्त कामाची आहे. नाक्यावर नंबर जुळला नाही की पहिला सवाल ‘चोरीचं का?’ हाच असतो, आणि मिस्त्रीचं नाव ऐकल्यावर तो सवाल आणखी लांबतो हे आपल्याला सांगायला नको. हा संशय अन्यायाचा आहे आणि त्याविरुद्ध बोललंच पाहिजे. पण त्या वेळी ठाण्यात उपयोगी पडतो तो तारखेचा कागद. आपल्यातल्या ज्यांनी नंबर घासायचा धंदा मांडलाय त्यांनी बाकीच्या शंभर सरळ मिस्त्रींना ठाण्याच्या बाकावर बसवलंय, आणि त्यांची नावं सगळ्या नाक्याला पाठ असतात.

यंदा सौदा करणार असाल तर गाडी बघायला सकाळी जा, इंजिन थंड असताना. आधीच तापवून ठेवलेलं असेल तर परत या आणि दुसऱ्या दिवशी न सांगता जा. मिस्त्री आपला न्या, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको. स्टॅम्पपेपरवर ‘जसा आहे तसा’च्या वर एक ओळ लिहून मागा : गाडीत आज अमुक नंबरचं इंजिन आहे आणि ते आरसीवरचं आहे, किंवा नाही. एवढी ओळ लिहायला समोरचा कां-कूं करू लागला, तर चहा प्या आणि उठा.