खानेसुमारीची डोकी आणि कोकणचे म्हातारपण

२००१ साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ च्या खानेसुमारीत ती १६,१५,०६९ भरली. ज्या दशकात सबंध महाराष्ट्र शेकडा सोळांनी वाढला, त्याच दशकात हा जिल्हा ८१,७०८ माणसांनी आटला. शेजारच्या सिंधुदुर्गाचीही गत तीच. २०२१ ची खानेसुमारी झालीच नाही. हाती असलेल्या या जुन्या आकड्यांवर मात्र दोन प्रकारचे पंडित आपापली मते ठोकून देत असतात. नीतिपंडित म्हणतात, तरुण पिढी आईबापांस विसरली. हिशेबपंडित म्हणतात, माणसे कमी झाली, तेव्हा खर्चही कमी करावा. आमच्या मते हे दोघेही सारखेच चुकत आहेत. आणि त्यांच्या चुकीची किंमत मात्र तिसराच, म्हणजे गावात मागे उरलेला वृद्ध, भरीत आहे.

प्रथम नीतिपंडितांचा समाचार घेऊ. गाव सोडणे हे कोकणात आजचे पाप नव्हे. मालगुंडचेच उदाहरण पाहा. केशवसुत १८६६ साली येथे जन्मले; पोटासाठी मुंबई, खानदेश, धारवाड अशा मुलखांत त्यांनी शिक्षकी केली आणि १९०५ साली हुबळीस देह ठेवला. आज गावात त्यांचे स्मारक आहे; पण गाव सोडल्याबद्दल त्यांस कोणी कृतघ्न म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. मग कवीला जे क्षम्य, ते विरारच्या कारकुनाला अक्षम्य का?

बदलले आहे ते जाणे नव्हे, तर जाणारे कोण हे. पूर्वी कर्ता पुरुष एकटा जाई. गिरणीत वा कचेरीत राबून मनिऑर्डर धाडी आणि थकल्यावर घरी परते. बायको, मुले, म्हातारी माणसे गावीच असत. या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे २०११ सालीही १,१२२ स्त्रिया होत्या, त्याच्या मुळाशी बव्हंशी हीच जुनी रीत आहे. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव मोडले. आता नवराबायको दोघेही जातात; मुलांची शाळा दिव्यास किंवा नालासोपाऱ्यास असते. पूर्वी घरातून एक माणूस उणे होई. आता एक सबंध पिढीच उणे होते. कोकण रेल्वे १९९८ साली पुरी झाली खरी. पण ती शिमग्याला आणि गणपतीला माणसे आणते, राहावयास आणीत नाही.

आईबापांच्या चरितार्थासाठी २००७ साली कायदाही झाला. तो मुलाकडून पैसे देववील. परंतु मध्यरात्री छातीत कळ आलेल्या बापाला दवाखान्यात कोण नेणार, हे त्यात लिहिलेले नाही. 'परत या आणि बागा करा' हा उपदेशही बागाईतदारालाच शोभतो. ज्याच्या नावे कलमांचे एक झाडही नाही, त्या घरच्या मुलाने परत यावे ते कशाच्या बळावर?

आता हिशेबपंडित. प्राथमिक आरोग्य केंद्राचे प्रमाण सपाटीवर ३०,००० आणि डोंगरी भागात २०,००० वस्तीस एक, असे ठरलेले आहे. हे माप डोकी मोजते, वये मोजीत नाही. मधुमेह, रक्तदाब, मोतीबिंदू आणि गुडघे यांनी गांजलेल्या सत्तरीच्या एका माणसाला जितका वैद्य लागतो, तितका तिशीच्या पाचांना मिळूनही लागत नाही. लोकसंख्या घटली म्हणजे गरज घटली, हा त्रैराशिकाचा दुरुपयोग होय. उतारू नाहीत म्हणून एस. टी. ची फेरी बंद होते, तेव्हा दुचाकी हाकणारा तरुण अडत नाही. चढणीवरच्या वाडीतली म्हातारी अडते. पट कमी म्हणून शाळा मिटते, तेव्हा उरलेले एकुलते तरुण जोडपेही मुलासाठी गाव सोडते. म्हणजे रोगावर जे औषध दिले, त्यानेच रोग वाढतो.

'ओसरत्या गावांवर तिजोरी किती रिती करावी?' असा प्रश्न येईलच. आमचे उत्तर असे की, हे दान नव्हे, देणे आहे. मुंबईला राबणारे हात वाढविण्याचा आणि शिकविण्याचा खर्च या गावांनी सोसला. त्या हातांच्या कमाईवरचा कर शहरात जमा झाला. आणि थकलेली माणसे मात्र गावाच्या पदरी आली. अशा वृद्धापकाळाला केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतन योजनेत ६० ते ७९ वयाच्या गरिबास दरमहा २०० रुपये मिळतात! राज्याची भर निराळी. तरी ही रक्कम पाहून लाज कोणी बाळगावयाची, मुलांनी की राज्यकर्त्यांनी?

मुंबईकरांसही आम्ही मोकळे सोडीत नाही. दापोलीकडच्या मुरूडच्या अण्णासाहेब कर्व्यांनी बाहेरगावी कमावणाऱ्या गावकऱ्यांच्या वर्गणीतून गावासाठी 'मुरूड फंड' उभा केला होता. आजही मुंबईत कोकणच्या गावागावांची मंडळे आहेत. त्यांच्या वर्गणीतून देवळापुढे सभामंडप उठतात. त्याच वर्गणीतून वाडीवाडीस फिरणारी एक परिचारिका आणि रात्रीबेरात्री निघणारे एक वाहन ठेवले, तर देव रागावणार नाही.

आमची मागणी थोडकी आहे. येत्या खानेसुमारीत प्रत्येक गावाची वयवार गणना लोकांपुढे यावी. दवाखाना आणि गाडी यांचे माप त्या गणनेवर ठरावे. आणि एकाही गावची शाळा केवळ पटाच्या हिशेबाने मिटू नये. एवढे झाल्यावर मग नीतिपंडितांनी मुलांस खुशाल उपदेश करावा. तोवर, ज्या घरात दिवा लावणारे दोनच थरथरते हात उरले आहेत, तेथे उपदेशाची नव्हे, वैद्याची वाट पाहिली जात आहे.