संगणकाशी गट्टी : खेळ अडखळतो तेव्हा



या वेळचं सदर आजी-आजोबांनी आणि नातवंडांनी शेजारी बसून वाचावं, अशी विनंती आहे. जर्मनीतली आपली मुलं हल्ली कॉम्प्युटरवर नुसती खेळत नाहीत. खेळता खेळता तो खेळ रेकॉर्ड करतात, नाहीतर ट्विचवर किंवा यूट्यूबवर थेट दाखवतात. नातू हॅम्बुर्गला खेळतो आणि अश्दोदला किंवा ठाण्याला आजी-आजोबा स्क्रीनसमोर बसतात. खेळ कळतोच असं नाही, पण पोराचं हसणं कळतं. नेमकं तेव्हाच चित्र अडखळतं, आवाज तुटतो. मग पोरगं म्हणतं, "कॉम्प्युटर जुना झालाय, नवा घ्या." कोलोनला २००९ पासून भरणारी गेम्सकॉमची जत्रा पाहून आल्यावर तर हा हट्ट फारच जोर धरतो. आजी-आजोबांनो, बटव्याला हात घालण्याआधी एवढं वाचा.

दुखणं कुठे असतं ते आधी समजून घेऊ. घरी पाहुणे आलेत असं समजा. एकीने पुऱ्या लाटायच्या, दुसरीने तळायच्या, तिसरीने वाढायच्या. कॉम्प्युटरमध्येही तीनच कामं चाललेली असतात. खेळाचं चित्र तयार करणं म्हणजे लाटणं. हे काम ग्राफिक्स कार्ड करतं. ते चित्र दाबून लहान करणं, म्हणजे एन्कोडिंग, हे झालं तळणं. आणि इंटरनेटवरून ते पाठवणं म्हणजे वाढणं. तिघींपैकी कुठलीही एक मागे पडली, तरी पाहुण्याच्या पानात पुरी वेळेवर पडत नाही.

यातलं तळणं सर्वांत किचकट. मुलांनो, हिशेब करून पाहा. १९२० गुणिले १०८० म्हणजे एका चित्रात सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके. सेकंदाला अशी ६० चित्रं, म्हणजे १२ कोटींहून जास्त ठिपके! ते जसेच्या तसे पाठवायचे तर सेकंदाला सुमारे ३००० मेगाबिट लागतील. प्रत्यक्षात आपण पाठवतो ६ मेगाबिटच्या आसपास. म्हणजे ५०० पट दाबून बसवायचं, तेही खेळ चालू असताना.

हे दाबण्याची जी पद्धत सर्वत्र वापरली जाते तिचं नाव एच.२६४. ती २००३ साली मान्य झाली, आणि ती घडवण्यात बर्लिनच्या हाइनरिख हेर्ट्झ संस्थेचा मोठा वाटा आहे. ही संस्था १९२८ची. हेर्ट्झ यांच्या वडिलांचं घराणं मूळचं ज्यू, म्हणून नाझी राजवटीत संस्थेच्या नावातून त्यांचं नाव काढून टाकलं होतं. युद्धानंतर ते परत आलं. आज नातवाचं चित्र आजीपर्यंत पोचतं, त्यात त्या संस्थेच्या लोकांचीही मेहनत आहे. मुलांनी हे लक्षात ठेवावं.

आता उपाय. बहुतेक मुलं ओबीएस नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम वापरतात. त्यात "स्टॅट्स" नावाची आकडेवारीची खिडकी असते. डॉक्टर आधी नाडी बघतो, तशी ही खिडकी आधी उघडायची. त्यात तीन आकडे पाहायचे.

पहिला आकडा, रेंडरिंगला उशीर झाल्यामुळे चुकलेल्या फ्रेम. हा वाढत असेल तर ग्राफिक्स कार्ड दमलंय. खेळाच्या सेटिंगमध्ये सेकंदाला ६० फ्रेमची मर्यादा घाला, सावल्या आणि बारीक नक्षीकाम कमी करा. विंडोजवर ओबीएस "ॲडमिनिस्ट्रेटर" म्हणून चालू केलं तरी फरक पडतो.

दुसरा आकडा, एन्कोडिंगला उशीर झाल्यामुळे वगळलेल्या फ्रेम. म्हणजे तळणारी मागे पडतेय. एन्कोडर "एक्स२६४" असेल तर सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो, आणि खेळालाही तोच प्रोसेसर हवा असतो. पण पुष्कळ यंत्रांत या कामासाठी वेगळा भाग असतोच. इंटेलचा क्विक सिंक २०११ पासून आहे, एनव्हिडियाचा एनव्हेन्क २०१२ पासून, आणि एएमडीचाही आहे. घरात दुसरी शेगडी असताना एकीवरच सगळं रांधण्यासारखं हे झालं! जर्मन भाषेतल्या ओबीएसमध्ये "आइनश्टेलुंगेन", मग "आउसगाबे" इथे जाऊन एन्कोडर बदलायचा. तेवढ्याने भागलं नाही तर १२८० गुणिले ७२० चं चित्र, सेकंदाला ३० फ्रेम, असं ठेवा. काम साडेचार पटींनी कमी होतं, आणि आजीच्या टॅबलेटवर फरक कळतही नाही.

तिसरा आकडा, नेटवर्कवर गळालेल्या फ्रेम. इथे कॉम्प्युटर निर्दोष आहे, नवा आणून काडीचा उपयोग नाही. टेलिफोनच्या तारेवरून येणाऱ्या इंटरनेटमध्ये वर पाठवण्याचा वेग हा खाली उतरवण्याच्या वेगापेक्षा बराच कमी असतो. वायफाय सोडून राउटरला केबल जोडा आणि बिटरेट ६००० वरून ३००० वर आणून बघा.

तिन्ही आकडे ठीक असूनही खेळ रखडत असेल तर साध्या गोष्टी पाहा. लॅपटॉप चार्जरला लावलाय ना? पंख्यात धूळ बसलीय का? यंत्र तापलं की स्वतःच वेग कमी करतं. मागे ब्राउझरच्या वीस खिडक्या उघड्या आहेत का? रेकॉर्डिंग करताना डिस्क भरत आलीय का? आणि रेकॉर्डिंग एमकेव्ही प्रकारात ठेवा, म्हणजे मध्येच यंत्र बंद पडलं तरी तोवरचं हाती राहतं. साध्या एमपी४ची अख्खी फाइल अशा वेळी वाया जाऊ शकते.

तर मुलांनो, या आठवड्यात एवढं करा. पाच मिनिटं खेळ चालवा आणि तिन्ही आकडे कागदावर लिहा. एक बदल करा, परत पाच मिनिटं चालवा, परत लिहा. एका वेळी एकच बदल, बरं का, नाहीतर गुण कशाने आला ते कळायचं नाही. कागद आजी-आजोबांना दाखवा. सगळं करूनही दुसरा आकडा चढताच राहिला, तर यंत्र खरंच थकलंय. मग आजोबांनी खुशाल बटवा उघडावा.