शिवराईचा बाजार आणि नांगरणाऱ्याचा वाटा

जुन्या नाण्यांचा संग्रह हा छंद उरलेला नाही; तो धनवंतांचा सट्टा झाला आहे. एके काळी शाळामास्तर, टपाल कचेरीतला कारकून, गिरणीतला एखादा हौशी कामगार मोडीच्या दुकानांतून नाणी वेचून आणीत असे. आज शिवकालीन नाण्यांवर लिलावात जी बोली चढते, ती ऐकून हा माणूस दारातूनच परत फिरतो. भाव चढले तशा नकलाही वाढल्या. आणि नक्कल गळ्यात मारणारा विक्रेता वर ऐकवतो की, पारख ही गिऱ्हाइकाची जबाबदारी!

परंतु आमचा मुख्य आक्षेप याहून निराळा आहे. हे नाणे बाजारात येते कोठून? पुष्कळदा ते नांगराच्या फाळाला किंवा विहीर खणणाऱ्या मजुराच्या कुदळीला लागलेले असते. त्याच्या पदरात काय पडते?

भूमिगत निधीचा १८७८ चा कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले, तर कलेक्टरला कळवले पाहिजे. न कळवल्यास वाटा जप्त होतो, शिवाय कैद किंवा दंड. आणि सरकारने ते धन घेतलेच तर मोबदला किती? धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा. तांबे किलोला हजार रुपये धरले, तर बारा ग्रॅमच्या शिवराईचे होतात १४ रुपये ४० पैसे. ‘श्री राजा शिव’ ही अक्षरे कायद्याच्या लेखी फुकट! इंग्रजाने स्वतःच्या सोयीसाठी लिहिलेले हे कलम स्वतंत्र भारताच्या एकाही सरकारला खुपले नाही.

मग तो मजूर कलेक्टरकडे कशाला जाईल? तो रात्री सोनाराकडे जातो, किंवा गावोगाव फिरणाऱ्या दलालाकडे. कायद्याच्या भीतीने दबलेल्या माणसाला दलाल सांगेल तो भाव. व्यापारी म्हणतात, आम्ही नसतो तर ही नाणी मुशीत वितळली असती. हे अर्धे खरे आहे. पण मजुराची ही भीतीच ज्यांच्या नफ्याचे भांडवल आहे, त्यांनी उपकाराची भाषा करू नये.

नुकसान केवळ पैशाचे नाही. दामोदर धर्मानंद कोसंबींनी हजारो आहत नाणी एकेक करून तोलली आणि चलनातल्या झिजेवरून इतिहास वाचला. त्यासाठी ढिगारा एकत्र असावा लागतो, तो कोठे सापडला हे ठाऊक असावे लागते. दलालाने वीस गिऱ्हाइकांत वाटलेल्या ढिगाऱ्याला कोणताही कोसंबी काही विचारू शकणार नाही.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. कलम १६ बदला. शोधणाऱ्याला बाजारभावाने आणि ठरावीक मुदतीत मोबदला द्या. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांपलीकडच्या वस्तूंच्या व्यापाराला परवाना आवश्यक केला आहे. तो प्रत्येक दुकानात तपासा. विक्रीच्या पावतीवर नाण्याचे वजन, ते कोठून आले याची नोंद आणि नक्कल निघाल्यास पैसे परत करण्याची हमी असलीच पाहिजे. ग्रामीण भागातील कार्यकर्त्यांनी हा कायदा शेतमजुरांच्या सभांतून समजावून सांगावा. आणि ज्या संग्राहकांना स्वतःला सभ्य म्हणवायचे आहे, त्यांनी अशा पावतीवाचून एकही नाणे विकत घेऊ नये.