हाडांना आलेला निरोप

मराठीतला ‘निरोप’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. पाहुणा निरोप घेऊन येतो, आणि जातो तोही निरोप घेऊनच! येताना त्याचा अर्थ सांगावा, जाताना रजा. वर्षभर या सदरातून शब्दांच्या अशा खोड्या काढणे हा माझा उद्योग वाचकांच्या परिचयाचा आहे. दिवाळी अंकासाठी मात्र हा शब्द मी जरा निराळ्या मुलखात नेणार आहे. तो मुलूख म्हणजे आपल्या शरीरातील सांधे. मराठी शिकवणाऱ्या बाईने वैद्यकात नाक का खुपसावे, असे कोणी विचारील. त्यावर माझे उत्तर एवढेच, की दुखणे पदवी पाहून येत नाही आणि दुखण्याची भाषा समजून घेण्यास कोणाची मनाई नाही.

आपल्या शरीरात कोट्यवधी पेशी नांदतात. त्यांना तोंड नाही, कान नाहीत. पण त्या बोलतात मात्र अखंड. एक पेशी एखादा सूक्ष्म प्रथिनाचा कण बाहेर सोडते, तो दुसरीच्या अंगावरील ठरावीक कोंदणात जाऊन बसतो आणि त्या पेशीला कळते, की आता अमुक काम करावयाचे आहे. शास्त्रज्ञ या कणांना सायटोकाइन म्हणतात. आपण त्यांना ‘निरोपे’ म्हणू. यांतील पुष्कळांचे घराणे ‘इंटरल्युकिन’. हे नाव 1979 साली स्वित्झर्लंडमधील एका परिषदेत ठरले. अर्थ इतकाच, की पांढऱ्या पेशींच्या आपापसातील दळणवळणाचे साधन. पुढे दिसून आले, की इतर पेशीही हे निरोपे धाडतात आणि ऐकतात. पण एकदा पडलेले नाव काही सुटत नाही, हे आपण बाळ्या नावाच्या सत्तरीतल्या गृहस्थांवरून जाणतोच.

आता हाडांकडे वळू. हाड म्हणजे निर्जीव दगड, अशी आपली समजूत. वस्तुतः ते सदैव डागडुजी चाललेल्या जुन्या वाड्यासारखे आहे. त्यात दोन टोळ्या राबतात. एक बेलदारांची: या पेशी जुने हाड विरघळवून खणून काढतात. दुसरी गवंड्यांची: या पेशी त्या जागी नवे हाड रचतात. मोठ्या माणसाच्या अस्थिपंजराचा सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी असा नवा होत असतो. बेलदाराला ‘खणायला लाग’ हा निरोप देणाऱ्या कणाचे नाव रँकल. तो मुख्यतः गवंड्यांच्याच गोतातून निघतो. आणि खणती फार होऊ नये म्हणून तेच गोत दुसरा एक कण सोडते. हा दुसरा कण रँकलला वाटेतच गाठतो आणि त्याला बेलदारापर्यंत पोचूच देत नाही. निरोप आणि अडवणूक यांचा तोल असला, की वाडा शाबूत राहतो.

सांध्यात हाडाच्या टोकावर कूर्चेचा थर असतो. मटणाच्या नळीच्या टोकाला जे पांढरे, गुळगुळीत, चकचकीत दिसते तेच ते; ज्यांच्या घरी मटण शिजत नाही त्यांनी आपल्या कानाची पाळी वरच्या बाजूला दाबून पाहावी, तीही कूर्चेचीच जातभाई. सांध्यातील कूर्चेला रक्तवाहिन्या नाहीत. तिचे पोषण सांध्यातील वंगणातून चालते, आणि म्हणूनच तिची झीज भरून येणे फार कठीण.

आमच्याकडे सांधे दुखू लागले, की ‘अंगात वारं शिरलं’ म्हणतात. ‘वात’ या एका शब्दाखाली आपण नाना दुखणी कोंबली आहेत. वयोमानाने गुडघे झिजणे निराळे; अंगठ्याचा सांधा एका रात्रीत लालबुंद होणे निराळे; आणि मी ज्याविषयी लिहिते आहे तो ऱ्हुमॅटॉइड संधिवात आणखी निराळा. माधवकरांच्या ‘माधवनिदान’ या प्राचीन ग्रंथात ‘आमवात’ म्हणून जो विकार वर्णिला आहे, त्याच्याशी त्याचे नाते पुष्कळ जण जोडतात. या विकारात शरीराचे रक्षकच घरच्या माणसांना चोर समजून झोडपू लागतात. सांध्याचे आतले अस्तर सुजते आणि तेथून तीन निरोपे वारंवार सुटतात: टीएनएफ, इंटरल्युकिन-1 आणि इंटरल्युकिन-6. त्यांचा प्रताप काय? टीएनएफ आणि इंटरल्युकिन-1 कूर्चेतल्या पेशींना असे पाचक रस सोडावयास लावतात, की कूर्चा आपल्याच घरात वितळू लागते. हाडाच्या बाजूला रँकल वाढतो, बेलदारांची टोळी फुगते, आणि गवंड्यांना ‘हात आवरा’ असा हुकूम सुटतो. खणती दुप्पट, बांधणी बंद! मग वाड्याचे काय होणार, ते सांगावयास नको.

कळमनुरी तालुक्यात माझी एक मावशी असते. हळद काढणीच्या एका हंगामात तिची बोटे सुजली. मला म्हणाली, ‘‘काय सांगावं बाई, सकाळच्या पारी मूठच वळत नाही. उन्हं वर आली की मग जरा हात माझा होतो.’’ आठवडी बाजारात एक पुडीवाला बसे. त्याची पुडी घेतली, की दोन दिवसांत हात हलका. तीन वर्षे पुड्या चालल्या. अखेर नांदेडला नेऊन हाताचा फोटो काढला, तेव्हा बोटांच्या सांध्यांशी हाडांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या दिसत होत्या. डॉक्टर म्हणाले, ‘‘सूज आपण उतरवू, मावशी. गेलेलं हाड मात्र मला परत आणता येणार नाही.’’ औषधाने सूज उतरली, रात्रीची झोप परत आली. पण लुगड्याच्या निऱ्या तिला आज धाकटी सून घालून देते, आणि चकलीचा सोऱ्या तिने दाबलेला नाही त्याला चार दिवाळ्या झाल्या.

अशा पुडीत बहुधा स्टेरॉइड असते. त्याचा महिमा खोटा नाही. 1948 साली अमेरिकेत फिलिप हेंच यांनी कॉर्टिझोन टोचून अंथरुणाला खिळलेल्या रोग्यांना चालते केले आणि 1950 साली त्याबद्दल दोघा सहकारी संशोधकांसह नोबेल पारितोषिक मिळवले. पण थोड्याच वर्षांत त्याची दुसरी बाजू दिसली. वैद्याच्या नजरेखाली, थोडके दिवस, बेताने घेतले तर ते उपयोगी. न कळत, वर्षानुवर्षे घेतले तर हाडे पोकळ, साखर वर आणि रोग आतल्या आत चालूच.

या निरोप्यांचा माग लागला तोही ऐकण्यासारखा आहे. 1970 नंतरच्या दशकात केंब्रिजमध्ये ऑनर फेल या विदुषींनी डुकराच्या सांध्याचे अस्तर आणि कूर्चा एकाच बशीत, पण एकमेकांस स्पर्श होणार नाही अशा बेताने ठेवली. तरीही कूर्चा विरघळू लागली! म्हणजे अस्तरातून काहीतरी निघून कूर्चेपर्यंत पोचत होते. त्याला ‘कॅटाबोलिन’ नाव मिळाले. पुढे तेच इंटरल्युकिन-1 ठरले. मग लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांनी टीएनएफ हा या टोळीचा म्होरक्या आहे असे ताडले. मैनी हे जन्माने लुधियानाचे. 1992 साली चेअरिंग क्रॉस रुग्णालयात त्यांनी टीएनएफला अडवणारे औषध वीस रोग्यांना दिले आणि ताठरलेली माणसे जिने चढू लागली. एका निरोप्याचे तोंड बंद करताच इतरांचाही गलबला ओसरला.

या कथेतला एक अध्याय आपल्या पुण्यातही लिहिला गेला, हे मला अभिमानाने सांगावेसे वाटते. गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान संस्था आहे. तेथे डॉ. मोहन वाणी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी इंटरल्युकिन-3 या काहीशा दुर्लक्षित निरोप्याकडे लक्ष दिले. 2003 साली त्यांनी दाखवले, की उंदराच्या ज्या पेशी रँकलच्या सांगण्यावरून बेलदार होणार, त्यांना इंटरल्युकिन-3 भेटला तर त्या तो धंदाच सोडतात, जंतू गिळणाऱ्या पेशींच्या बिरादरीत जातात आणि पुन्हा मागे फिरत नाहीत. 2009 साली संधिवाताच्या उंदरांवर प्रयोग झाला, तेव्हा या कणाने टीएनएफच्या चिथावणीने होणारी हाडांची खणती रोखली आणि सांधे बचावले. 2010 मध्ये माणसाच्या पेशींतही बेलदार तयार होणे त्याने थांबवलेले दिसले. उंदीर आणि बशी यांच्यापासून रोग्याच्या खाटेपर्यंतचा रस्ता लांब असतो. हे औषध नव्हे. परंतु सगळे निरोपे घर पाडणारेच नसतात, काही घर राखणारेही असतात, ही गोष्ट लहान नाही.

आता हळदीविषयी. आमच्या वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. साहजिकच येथे प्रत्येक दुखण्यावर हळदीचा उतारा सांगणारे शेजारी घरोघरी आहेत. हळदीतील कुर्कुमिन हे द्रव्य प्रयोगशाळेच्या बशीत या निरोप्यांना दबकावते, हे खरे. पण हळदीत ते शेकडा तीनच्या आसपास असते, आणि पोटात गेलेले रक्तात उतरते फारच थोडे. तेव्हा दूध-हळद खुशाल घ्यावी. तिच्या भरवशावर डॉक्टरांकडे जाणे मात्र लांबवू नये.

हा आजार विरळा आहे असेही समजू नका. पुणे जिल्ह्यातील भिगवण गावी 1996 पासून डॉ. अरविंद चोप्रा यांनी घरोघर फिरून पाहणी केली. तेथे शंभर प्रौढांत अर्धा, म्हणजे हजारात पाच जणांना हा विकार आढळला. आमच्या हिंगोली जिल्ह्यात सात लाख प्रौढ धरून तेच प्रमाण लावले, तर साडेतीन हजार माणसे होतात. आणि त्यांत बायका पुरुषांच्या दुपटी-तिपटीने. ज्यांच्या हातावर घर चालते, नेमके त्यांचेच हात!

म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दोन्ही हातांची लहान सांधी सुजली, सकाळचा ताठरपणा तासाहून अधिक टिकला आणि हे सहा आठवडे चालले, तर सांधेतज्ज्ञाला गाठावे. हाड झिजण्याच्या आधीचा काळ हाच सोन्याचा. मेथोट्रेक्सेट ही जुनी, स्वस्त गोळी आजही पहिला आधार आहे. पण ती आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. रोज घेतल्यास जिवावर बेतते, आणि मधून मधून रक्त तपासावे लागते. टीएनएफ अडवणारी इंजेक्शने आता भारतातही बनतात. ती महाग असतात आणि देण्यापूर्वी अंगात क्षयाचे जंतू दबा धरून नाहीत ना, हे पाहावे लागते. आणि चौथी गोष्ट: नाव, गाव, चिठ्ठी नसलेली पुडी कितीही गुण देवो, ती घेऊ नये.

दिवाळीत घरोघर लेकी-बाळी माहेरी येतात. आईच्या, काकूच्या हाताची करंजी खाताना त्या हाताकडेही एकदा नीट पाहा. बोटे सुजली असतील, मुरड घालताना ती थांबत असेल, तर ‘वय झालं’ म्हणून विषय सोडू नका. हाडांनी पाठवलेला तो निरोप आहे. तो वेळेवर पोचवण्याचे काम घरच्या माणसांचे.