हौसेचे मोल

आपल्या भाषेत खर्चाविषयी दोन म्हणी फार रूढ आहेत. ‘हौसेला मोल नाही’ ही एक आणि ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ ही दुसरी. पहिली खर्च करणाऱ्याच्या तोंडी असते, दुसरी त्याला सावध करणाऱ्याच्या. या दोन्ही म्हणी एकाच घरात एकाच वेळी ऐकू येऊ लागल्या, की समजावे, घरात कोणीतरी हौसेची वस्तू विकत आणली आहे.

असा एक प्रसंग मी अलीकडेच एका स्नेह्यांच्या घरी पाहिला. त्यांचा मुलगा पंचविशीतला; एका कारखान्यात नोकरी करणारा. त्याच्या कपाटात व्हिडिओ गेमच्या डिस्क पुस्तकांसारख्या ओळीने लावलेल्या होत्या. मोजल्या तेव्हा बासष्ट भरल्या. वडील म्हणाले, “एवढ्या पैशांत गच्चीची गळती केव्हाच थांबली असती. आता तुम्हीच सांगा, हे पैसे सत्कारणी लागले का?” मुलगा शांतपणे म्हणाला, “काका, मला कसले व्यसन नाही. घरखर्चाचे पैसे मी दर महिन्याला आईच्या हातात देतो. उरलेल्यातून एवढीही हौस करायची नाही का?” दोघांचेही म्हणणे खरे होते आणि म्हणूनच उत्तर देणे सोपे नव्हते.

वडिलांच्या मनातला पहिला आक्षेप असा, की हा मुळात पोरखेळ आहे. हा आक्षेप आता टिकण्यासारखा नाही. 1980 साली जपानमध्ये निर्माण झालेला ‘पॅक-मॅन’ किंवा 1984 साली मॉस्कोमध्ये अलेक्सी पाजितनोव यांनी रचलेला ‘टेट्रिस’ हे खेळ पुढे जगभर पोहोचले. वरून पडणारे ठोकळे रिकाम्या जागी बसवायचे, एवढाच टेट्रिसचा नियम. परंतु त्या साध्या नियमातून निर्माण होणारी एकाग्रता विलक्षण आहे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने 2012 साली चौदा व्हिडिओ गेम आपल्या संग्रहात घेतले. त्यांत हे दोन्ही होते. ज्या काळी आपल्याकडे नाटक पाहणे वाया जाण्याचे लक्षण मानले जाई, त्याच काळात आपली रंगभूमी घडत होती, हे आपण विसरू नये. एखादी गोष्ट आपल्याला कळत नाही, एवढ्यावरून ती निरर्थक ठरत नाही.

तथापि, वस्तू चांगली आहे म्हणून तिच्यावरचा प्रत्येक खर्च योग्य ठरतो, असेही नाही. नव्या मोठ्या खेळाची एक डिस्क आज चार-पाच हजार रुपयांपर्यंत जाते. अनेक कामगार कुटुंबांत ही रक्कम महिन्याच्या किराण्याइतकी असते. मग ‘पुढे याला किंमत येईल’ असे समर्थन केले जाते. या समर्थनाला आधार नाही असे नाही. 2021 साली अमेरिकेतील एका लिलावात ‘सुपर मारिओ 64’ या खेळाची वेष्टनही न उघडलेली एक प्रत पंधरा लाख साठ हजार डॉलरना विकली गेली. पण त्या प्रतीला एवढी किंमत आली ती ती कधीच खेळली न गेल्यामुळे! ज्याने खेळाचा आनंद घेतला, त्याच्या प्रतीला ही किंमत मिळणार नाही. आणि ज्याने किंमत मिळावी म्हणून ती बंद ठेवली, त्याला खेळ मिळाला नाही.

याउलट उदाहरणही लक्षात ठेवावे. 1983 साली अमेरिकेत हा व्यवसाय कोसळला, तेव्हा अटारी कंपनीने न विकले गेलेले खेळ न्यू मेक्सिको राज्यातील अलामोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत पुरून टाकले. दुकानात मोठ्या दिमाखाने मांडलेला माल वर्षभरात मातीखाली गेला. 2014 साली ते उत्खनन करून बाहेर काढण्यात आले आणि त्यांतील एक कार्ट्रिज, म्हणजे आपल्याकडची मुले जिला ‘कॅसेट’ म्हणत ती वस्तू, स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात गेली. एकदा कचरा ठरलेली वस्तू पुढे इतिहास ठरू शकते, हे खरे. परंतु अशा योगायोगाच्या भरवशावर कोणी आपल्या संसाराची पुंजी लावू नये. गुंतवणूक म्हणून या संग्रहाकडे पाहणे ही स्वतःची समजूत घालणे होय.

आता दुसरा, अधिक महत्त्वाचा प्रश्न. आपण पैसे मोजून नेमके काय विकत घेतो? डिस्क निदान हातात तरी असते. आज पुष्कळ खेळ इंटरनेटवरून उतरवून घेतले जातात आणि तिथे आपल्याला मिळते ती वस्तू नव्हे, तर वापरण्याची परवानगी. निन्टेन्डो कंपनीने आपल्या ‘वी’ या यंत्राचे ऑनलाइन दुकान 2019 साली आणि ‘थ्री-डीएस’ व ‘वी यू’ या यंत्रांची दुकाने 2023 साली बंद केली. ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा खेळ तर कंपनीने 2024 साली सर्व्हर बंद केल्याबरोबर थांबला. ज्यांनी पूर्ण किंमत दिली होती, त्यांनाही तो खेळता येईना. कॅलिफोर्निया राज्यात 2025 पासून असा कायदा लागू झाला आहे, की ग्राहकाला केवळ परवानगी मिळणार असेल, तर विक्रेत्याने ते स्पष्टपणे सांगितले पाहिजे. आपल्या देशातही 2020 साली ‘पबजी मोबाइल’ या खेळावर बंदी आली, तेव्हा त्यातील पोशाख आणि शस्त्रे विकत घेणाऱ्या तरुणांना याचा अनुभव आला. भाड्याच्या घराला आपण स्वतःचे घर म्हणत नाही. मग भाड्याच्या खेळांना संग्रह कसे म्हणावे?

येथे एक खुलासा करणे आवश्यक आहे. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ हा या लेखाचा विषयच नाही. संसदेने 2025 साली कायदा करून त्यांना मनाई केली. तो जुगार आहे. त्याला हौस म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग होईल.

मग संग्रह म्हणजे काय? पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलेल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, भांडी, वाद्ये अशा घरगुती वस्तू आयुष्यभर गावोगाव हिंडून जमवल्या. घरोघरी अडगळीत पडलेल्या वस्तूंवर हा गृहस्थ पैसे का घालवतो, असे तेव्हाही कोणाच्या तरी मनात आले असेलच. आज त्याच वस्तू पाहून आपल्या पूर्वजांचे दैनंदिन जीवन आपल्याला समजते. व्हिडिओ गेमच्या बाबतीतही हे काम आवश्यक आहे. अमेरिकेतील या क्षेत्राच्या इतिहासाचे जतन करणाऱ्या एका संस्थेने 2023 साली केलेल्या पाहणीत असे आढळले, की 2010 पूर्वी त्या देशात प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी 87 टक्के खेळ आता बाजारात विकत मिळत नाहीत. ते टिकून राहायचे असतील, तर हौशी संग्राहकांच्या कपाटांचाही आधार लागणार आहे.

परंतु केळकरांचे मोठेपण केवळ वस्तू जमवण्यात नव्हते. त्यांना प्रत्येक वस्तूची पारख होती आणि जमवलेले सारे त्यांनी लोकांसाठी खुले केले. संग्रह आणि साठा यांतील अंतर नेमके हेच आहे. साठा संख्येने वाढतो, संग्रह समजुतीने वाढतो. साठ्याचा आनंद विकत घेण्याच्या क्षणी संपतो. संग्रहाचा आनंद तेथून सुरू होतो.

मी त्या मुलाला एवढेच विचारले, की या बासष्टांपैकी किती खेळ तू शेवटपर्यंत खेळलास? त्याने प्रामाणिकपणे मोजले. तेवीस पूर्ण झाले होते, वीस अर्धवट होते आणि एकोणीस खेळांचे वेष्टनही उघडलेले नव्हते. ते सवलतीच्या दिवसांत, काही तर हप्त्यांवर घेतलेले होते. हा हिशेब त्याने स्वतःही पूर्वी कधी केला नव्हता. त्याला बोल लावण्याचा मला मात्र अधिकार नव्हता. कारण माझ्याही कपाटात पाने न फाडलेली पुस्तके आहेत आणि ग्रंथखरेदीला मात्र समाज व्यसन म्हणत नाही.

म्हणून माझे मत असे : घरातील कर्तव्ये पार पाडून, कर्ज न काढता, स्वतःच्या कष्टाच्या पैशातून घेतलेला आणि मनापासून खेळलेला खेळ हा सत्कारणी लागलेला खर्च आहे. त्याची भरपाई पुन्हा पैशात मिळाली पाहिजे, असा आग्रह धरणे चुकीचे. जत्रेतल्या पाळण्याचे पैसे आपण कधी परत मागत नाही. पण न उघडलेला खेळ, हप्त्यांवर आणलेला खेळ आणि केवळ दुसऱ्याकडे आहे म्हणून घेतलेला खेळ, हे तिन्ही महागच; मग ते निम्म्या किमतीत का मिळालेले असेनात.

त्या एकोणीस डिस्क विकून किती पैसे येतील, याची चौकशी मुलगा करू लागला आहे. गच्चीच्या दुरुस्तीला ते पुरणार नाहीत, हे तिघांनाही माहीत आहे. वडिलांना मी एक विनंती केली : पुढच्या वेळी निवाडा करण्यापूर्वी मुलाशेजारी बसून त्याच्या आवडीचा एक खेळ अर्धा तास तरी पाहा. खर्च वाजवी की गैरवाजवी हे ठरवण्याचा अधिकार वडिलांना जरूर आहे. पण ज्या वस्तूचे मोल करायचे, ती आधी एकदा पाहिलेली असावी.