प्राध्यापकांचीही शिक्षण परिषद हवी

मुखेड तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांच्या शिक्षकांना केंद्रस्तरावरील शिक्षण परिषद ओळखीची आहे. एखादी परिषद परिपत्रके वाचण्यातच संपते, हे खरे. तरीही आपण कसे शिकवतो हे इतर शिक्षकांसमोर मांडायचे असते, हे तिथे मान्य आहे. याच शाळांतली मुले पुढे पदवीच्या वर्गात येतात, तेव्हा त्यांच्या प्राध्यापकांना मात्र अशी जागा नसते. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी अकॅडमिक स्टाफ कॉलेजे सुरू केली. २०२३ पासून तेच काम मालवीय मिशनच्या नावाने चालते. उद्बोधन वर्ग झाले, उजळणी वर्ग झाले, पण पदोन्नतीसाठी ते आवश्यक ठरल्यामुळे प्रमाणपत्रावरच सगळी नजर खिळली. प्राध्यापक एकटा जातो, एकटा परततो आणि महाविद्यालयातले शिकवणे होते तसेच राहते.

मुखेडसारख्या ठिकाणी याची किंमत विद्यार्थी मोजतात. तेलंगण आणि कर्नाटकाच्या सीमा जवळ असलेल्या या भागात वर्गातल्या मुलांच्या घरी मराठी, गोरमाटी, उर्दू, तेलुगू, कन्नड यांपैकी काहीही बोलले जात असेल. एखाद्या मुलीचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले असतात आणि घर, धाकटी भावंडे, म्हातारी माणसे तिच्यावर सोडलेली असतात. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्यासमोर विज्ञान शाखेत इंग्रजी पुस्तक येते. असाइनमेंटची तारीख कोणती, वर्गात प्रश्न विचारल्यावर उत्तर नेहमी कोणत्या बाकावरून येते, प्रयोगशाळेत उपकरण कुणाच्या हाती असते आणि निरीक्षणे कोण लिहीत बसते, या साध्या गोष्टींतून विषमता रोज घडत राहते. त्यात कुणाचा वाईट हेतू असावाच लागतो असे नाही. प्रत्येक प्राध्यापकाला आपल्या तासापुरतेच दिसते. त्याच्या विषयात एक मुलगी मागे पडली, एवढेच त्याच्या लक्षात येते. त्याच तांड्यातल्या किंवा त्याच वस्तीतल्या मुली पाच विषयांत, एकाच सेमिस्टरला मागे पडत असतील, तर ते पाच जणांनी उत्तरपत्रिका शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय कळणार नाही.

माणूस एकट्याने विचार करतो तेव्हा चुकीचे कारण किती सहज पटते, याचे उदाहरण अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात आहे. १९७० च्या दशकात तिथे कृष्णवर्णीय विद्यार्थी कॅल्क्युलसमध्ये मोठ्या प्रमाणावर नापास होत होते. जिद्द नाही, पाया कच्चा, घरून पाठबळ नाही, गरिबी आहे, ही उत्तरे प्राध्यापकांकडे तयार होती. युरी ट्रेझमन यांनी वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाचे विद्यार्थी अभ्यास कसा करतात हे प्रत्यक्ष पाहिले. यातले एकही स्पष्टीकरण टिकले नाही. चिनी विद्यार्थी गटात बसून एकमेकांची गणिते तपासत. कृष्णवर्णीय विद्यार्थी एकेकटे झटत होते. मग अवघड गणिते गटाने सोडवण्याची कार्यशाळा सुरू झाली आणि निकाल बदलला. २०२० मध्ये विज्ञान-अभियांत्रिकीच्या पदवी वर्गांवरील अनेक अभ्यास एकत्र करून झालेल्या विश्लेषणात, विद्यार्थ्यांना सक्रिय ठेवणाऱ्या अध्यापनाने वंचित गटांची गुणांमधली दरी ३३ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. मात्र वर्गातला बराचसा वेळ त्याला दिला तरच. अधूनमधून एखादा उपक्रम घेऊन भागले नाही. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला अमेरिकेतला अनुभव परका वाटू नये. त्याचे पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याचे अभ्यासक.

म्हणून महाविद्यालयातल्या प्राध्यापकांनीही नियमित बैठका घेऊन आपले शिकवणे आणि निकाल एकमेकांसमोर मांडावेत. यावर पहिला आक्षेप गुणवत्तेचा येतो: समतेच्या नावाखाली सगळे सोपे करणार का? बर्कलीच्या कार्यशाळेत गणिते अवघडच होती; बदलली ती ती सोडवण्याची रीत. शिवाय शिक्षकांनी एकत्र येऊन निकाल बदलणे मराठवाड्याला नवे नाही. जुन्या प्रश्नपत्रिकांचा बारकाईने अभ्यास, सतत चाचण्या, एकेका विद्यार्थ्याकडे लक्ष, याच सामूहिक मेहनतीवर ‘लातूर पॅटर्न’ उभा राहिला. त्याचा रोख आधीच पुढे असलेल्यांना आणखी पुढे नेण्यावर राहिला, ही माझी तक्रार आहे. तीच चिकाटी मागच्या बाकासाठी का वापरू नये?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नॅकच्या फायलीत आणखी एका समितीची भर पडेल आणि प्राचार्यांना प्राध्यापकांवर नजर ठेवायला साधन मिळेल, अशी भीती अनाठायी नाही. म्हणून या बैठकांचे इतिवृत्त पदोन्नतीच्या मूल्यमापनाला जोडू नये आणि कोणत्या अडचणीवर काम करायचे हे त्या विभागातल्या शिक्षकांनीच ठरवावे. विद्यापीठाने विषयवार निकाल, लिंग, प्रवर्ग आणि बारावीचे माध्यम यांनुसार वेगळा करून, विद्यार्थ्यांची नावे न देता पुरवला तरी पुष्कळ होईल. वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न मात्र खरा पैशाचा आहे. ग्रामीण महाविद्यालयांतले बरेच अध्यापन तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक करतात. त्यांना वर्गात उभे राहिल्याचेच पैसे मिळतात, आणि पहिल्या वर्षाच्या, सर्वांत जास्त गळती असलेल्या वर्गांना बऱ्याचदा तेच शिकवतात. त्यांना बाहेर ठेवून बसलेल्या बैठकीत समतेवर बोलणे व्यर्थ आहे. महिन्यातून दोन बैठका तासिका म्हणून धरून त्यांचे मानधन देण्याचा आदेश उच्च शिक्षण विभागाने येत्या शैक्षणिक वर्षापूर्वी काढावा.